चौथी ओढ

भूत, चकवा, अंगात येणं... यातलं मी काही मानत नाही. चाळीस वर्षं विहिरी खोदल्या, अमावास्येलाही खोदल्या. शाळा तिसरीपर्यंत झाली, पण डोकं ठिकाणावर आहे. मोबाईलमध्ये बोलतोय, तो लिहितोय. चुकलं तर त्याची चूक.

गाव पारनेर तालुक्यातलं. माझा जोडीदार लक्ष्मण खाली खोदायचा, मी वर यारीवर – म्हणजे दगडांची बादली वर ओढायच्या यंत्रावर. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून दोरी सोडलेली असायची. खालून एक ओढ आली की थांब, दोन आल्या की वर घे, तीन आल्या की खाली सोड. हुकूम खालच्याचा. वरच्यानं वाद घालायचा नाही.

गेल्या वर्षी लक्ष्मणला लकवा मारला. वाचा गेली, उजवं अंग गेलं. डॉक्टर म्हणाले, यांना आता काही समजत नाही. त्याची मुलगी शैला कॉम्प्युटरचं शिकलेली, नगरची नोकरी सोडून घरी आली. (कागदावर अहिल्यानगर झालंय, माझ्या तोंडात नगरच येतं.) तिनं बापासाठी मोठ्या बटणांची पाटी बनवली. महिनाभर त्यानं बोट लावलं नाही.

मी म्हणालो, "अगं, त्याला बटनाचं काय? दोरी दे हातात."

पोरीनं ऐकलं. खाटेवर दोरी, दोरीला स्विच, स्विचची वायर कॉम्प्युटरला. आत कीबोर्डचा ड्रायव्हर म्हणून एक असतो म्हणे, बोटाचा निरोप कॉम्प्युटरला पोचवणारा. म्हणजे यारीवालाच की. तिनं त्याला आमच्या तीन ओढी शिकवल्या. लक्ष्मणच्या डाव्या हातात दोरी दिली, आणि पडद्यावर उमटलं – 'वर घे'. उशी लावून बसवलं तर गडी रडायला लागला. म्हटलं, सांग आता डॉक्टरला, समजतं का न्हाई ते.

आता त्या शुक्रवारचं. शैला गिरणीत दळण आणायला गेली. जाताना म्हणाली, काका, मी येईस्तोवर बसा. मला अकराची एसटी धरायची होती, तहसीलला हयातीचा दाखला द्यायचा होता. लक्ष्मण झोपला होता. थोडी वाट बघितली, उठलो, चप्पल घातली... आणि पाठीमागं कॉम्प्युटर वाजला. एकेक अक्षर जोडत वाचलं –

'जागा सोडू नको.'

पाय तिथंच राहिले. हे कुणाला ठाऊक नाही, आज पहिल्यांदा सांगतोय. तरुणपणी एकदा मी यारी सोडून चहाला गेलो. खाली झरा फुटला. लक्ष्मण छातीएवढ्या पाण्यात दोरी ओढत राहिला, वर कुणी नाही. मी परत येऊन बाहेर काढल्यावर त्यानं शिवीसुद्धा दिली नाही. एवढंच म्हणाला, "हितनं पुढं चार ओढी दिल्या की जागा सोडू नको." गावात कधी बोलला नाही. मीही नाही.

चप्पल काढून बसलो. जरा वेळानं त्याच्या घशात कफ अडकला, डोळे पांढरे झाले. कुशीवर वळवून पाठीवर थापा मारल्या, तेव्हा श्वास आला. मी एसटीत असतो तर...

शैला आली, पडदा बघून म्हणाली, "काका, हे तुम्ही लिहिलं?"

"मला कुठं येतंय?"

तिनं आतली नोंद तपासली. चार ओढी आलेल्या होत्या, बरोबर. पण यात तीनच ओढींचे शब्द भरलेत, म्हणाली, चौथीला काहीच उमटायला नको. दोन दिवस सगळं उघडून बसली. पुन्हा पुन्हा चार वेळा ओढून पाहिलं. पडदा कोरा.

लक्ष्मणला विचारलं, ते शब्द कुठनं आले रे? त्यानं एकच ओढ दिली. 'थांब.'

मी काही मानत नाही, आजही नाही. पण हे कसं झालं ते शैलाला सांगता येत नाही, मग मला काय येणार? परवा तिनं विचारलं, चौथा शब्द भरून ठेवू का? मी नको म्हणालो.

आता ती घरात नसली की मी खाटेजवळून हलत नाही. दाखला राहिलाय अजून.