मुदतीतला शिक्का

मांडवीतल्या आमच्या किराणा दुकानाचा काटा वर्षातून एकदा तपासून त्यावर सरकारी शिक्का मारून घ्यावा लागतो. नवरा बोटीवर, सासूबाईंचे गुडघे गेलेले, तेव्हा हे काम माझ्या गळ्यात. काटा मांडीवर घेऊन रिक्षात बसायचं, परवानावाल्या दुरुस्तीवाल्याकडून तो साफ करून घ्यायचा, मग निरीक्षकांपुढे रांग लावायची. फी भरायची, पावती घ्यायची, प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं भिंतीवर लावायचं. उशीर झाला की फी वाढते. त्याखेरीज दुकानाची नोंदणी आहे, खाण्याच्या मालाचा परवाना आहे. एकाची तारीख सांभाळावी तोवर दुसऱ्याची उभी. दुकानात बिस्किटांपेक्षा कागदांच्याच मुदती जास्त बघाव्या लागतात. आता कंटाळा येतो असंही म्हणत नाही, त्याच्या पलीकडे गेलेय मी.

सासूबाईंना मात्र त्या शिक्क्याचं फार कौतुक. जुना तराजू जाऊन हा विजेवरचा काटा आला तेव्हा त्या आठवडाभर फुगून बसल्या होत्या. तराजूत गिऱ्हाइकाचं पारडं खाली टेकलेलं डोळ्यांना दिसायचं, लाल आकड्यांत काय दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मग कुणीतरी त्यांना सांगितलं, की या काट्याला सरकार दर वर्षी तपासतं. तेव्हापासून त्या निर्धास्त झाल्या. कोणी आकड्याकडे वाकून बघितलं, की त्या बोट शिक्क्याकडे करायच्या.

गेल्या खेपेला निरीक्षकांनी त्यांच्याकडचं किलोचं वजन आमच्या काट्यावर ठेवलं आणि आकडा किलोच्या वर गेला. त्यांनी वजन उचललं, परत ठेवलं. आकडा तोच. म्हणजे आम्ही किलो म्हणून जे देत होतो, ते किलो नव्हतं. प्रत्येक किलोमागे मूठभर तांदूळ आमच्याकडेच राहत होते. दुरुस्तीवाल्याने वरवर पुसून दिलेला काटा आता उघडून दाखवला. आत सगळा गंज. समुद्र दोन गल्ल्या पलीकडे असल्यावर दुसरं काय होणार? मी निरीक्षकांना म्हटलं, मुदत अजून संपलेली नाही, शिक्का तुमचाच आहे. ते गृहस्थ सभ्य होते, ओरडले नाहीत. म्हणाले, "ताई, शिक्का त्या दिवसापुरता खरा. पुढचं वर्षभर काटा बरोबर ठेवायचा तो तुम्हीच."

दुरुस्ती झाली, नवा शिक्का बसला, फी गेली. सबंध दिवस मोडला. घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. नसतं सांगितलं तरी चाललं असतं, असं आज वाटतं. त्यांनी एकच विचारलं, कधीपासून? ते निरीक्षकांनाही सांगता येत नव्हतं, मला कुठून येणार?

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपलाच हिशेब सुरू केला. काटा आकडा दाखवायचा आणि त्या वर आणखी एक ओंजळ घालायच्या. साखर, डाळ, पोहे, जे असेल त्यात. कोणाला कारण सांगायच्या नाहीत. लोकांचं ते त्यांच्या घरी पोचलं पाहिजे, एवढंच त्या मला म्हणाल्या. मी चिडले. काटा कमी देत होता तेव्हा नियमात बसत नव्हतं, आता हे कुठल्या नियमात बसतं? पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून पुढची पिशवी त्यांच्यापुढे धरली. रात्री त्यांना झोप लागत नाही, हे मला दिसत होतं.

मागच्या गल्लीतली एक बाई आमच्याकडून नेहमी मैदा आणि साखर नेते. ती घरी केक करून विकते. त्या दिवशी सासूबाईंनी तिच्या साखरेवर ओंजळ टाकली तशी ती म्हणाली, काकी, जास्त होतंय. सासूबाईंना राहवलं नाही. काटा बिघडला होता, तुझं कमी गेलंय, असं त्यांनी तिला सांगून टाकलं.

ती हसली. "ते मला ठाऊक आहे, काकी. केकसाठी घरी छोटा काटा आहे ना. कमीच यायचं."

"तुला कळलंवतं, तर बोललीस का नाय?"

"काय बोलायचं? म्हटलं, मुलगा लांब, दोघी बायका दुकान चालवतायत. थोडंफार ठेवून घेत असतील. एवढं चालायचंच."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. आम्हाला तिने केव्हाच माफ करून टाकलं होतं, आणि वर माल आमच्याकडूनच नेत होती. पिशवी उचलून, माझ्या नवऱ्याची बोट कधी लागतेय ते मला विचारून ती गेली.

दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना मीच माल दिला. मग हळूच सासूबाईंनी विचारलं, "अख्खी मांडवी असंच समजत असेल काय गो?"

मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि माझंही त्यांना खरं वाटलं नाही.

त्यानंतर त्या दुकानात बसतात, पण वजन करत नाहीत. पैसे घेतात, सुटे देतात. कोणी काही मागितलं की मला हाक मारतात, आणि मी तोलत असले की रस्त्याकडे बघत राहतात.