तांबडीचं पाचपरतावन

आमच्याकडे दिवस उजाडतो तो गाढवाच्या ओरडण्याने. वालूरच्या रस्त्याला आमचं शेत आहे, शेताच्या कडेला पत्र्याचं शेड, आणि त्यात लोकांनी सोडून दिलेली, गाड्यांनी उडवलेली, म्हातारी झालेली जनावरं. गाढव ओरडलं की शेळ्या दावी ओढतात, शेळ्या उठल्या की कुत्री गोंधळ घालतात. मग मी शेण काढते आणि नवरा कडबा टाकतो. आंधळ्या बैलाची गोळी गुळात लपवून द्यावी लागते. तो गूळ खातो आणि गोळी तेवढी जिभेने बाहेर ढकलतो. त्याला दिसत नाही असं डॉक्टर म्हणतात, पण मला शंका आहे.

माझा स्वभाव फटकळ. कुणी कुत्रं न्यायला आलं की मी आधी त्याची उलटतपासणी घेते. झोपवणार कुठे, दिवसभर साखळीला बांधणार का, लग्नाला परगावी गेलात तर भाकरी कोण टाकणार? एकजण म्हणाला, शेतात राखणीला ठेवू, उरलंसुरलं टाकू. त्याला मी चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवला. नवरा बाजेवर बसून हे सगळं ऐकत असतो. एकदा न राहवून म्हणाला, "अगं, कुत्रं द्यायलीस का पोरगी उजवायलीस?"

मी म्हटलं, एकच आहे. त्यावर तो म्हणाला, मग पाचपरतावन पण कर. लग्नानंतर पाचव्या दिवशी लेक माहेरी येते ना, तसं. तो गंमत करत होता, पण मी ते उचलून धरलं. तेव्हापासून आमचा नियम झाला: नेलेलं जनावर पाचव्या दिवशी भेटायला आणायचं, आणि ते राजीखुशीने परत गेलं नाही तर आमच्याकडेच राहील. आजवर एकही राहिलेलं नाही. येतात, जुन्या जागा हुंगतात, खातात आणि जातात. माहेरपण असंच असतं म्हणा.

तांबडी ही कुत्री मात्र मी कुणाला देणारच नव्हते. रस्त्यावर चिरडलेला तिचा मागचा पाय परभणीच्या डॉक्टरांनी काढला, आणि ती बरी होईपर्यंत मी तिला बाजेशेजारी निजवलं. माझ्या जुन्या लुगड्यांची एक वाकळ होती, ती तिची झाली. जखम भरली, पण ती वाकळीवरून हलली नाही आणि मीही तिला हलवलं नाही. शेडातल्या कुत्र्यांशी तिचं पटत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं तर तिचं सगळ्यांशी पटत होतं.

गावातले एक शिंपीकाका मांजर न्यायला आले, तेव्हा ही अडचण झाली. दुकानात उंदीर झाले होते आणि गिऱ्हाइकांचे ब्लाउजपीस कुरतडत होते. काका बोलायला कमी. ओट्यावर बसले, आणि अनोळखी माणसाला पाहून बाजेखाली शिरणारी तांबडी उठली, तीन पायांवर उड्या मारत त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकून झोपली. काकांनी पाय हलवला नाही. चहा गार झाला तरी कप घ्यायला वाकले नाहीत. मग म्हणाले, मांजर राहू द्या, हिलाच द्या.

मी ठेवणीतले सगळे प्रश्न काढले. घरात माणसं किती? ते आणि मशीन. साखळी? घरात साखळीच नाही. कपडे टाकायला येणाऱ्यांनी तक्रार केली तर?

"माप द्यायला येणाऱ्यानं दमानं यावं," काका म्हणाले.

खोट काढायला जागाच सापडेना. मी नवऱ्याकडे पाहिलं, तर तो म्हणाला, नियम सगळ्या लेकींना सारखा. झालं, द्यावी लागली. निघताना काकांनी वाकळ मागितली, तिला वासाची सवय असेल म्हणून. ती धुवायची आहे, असं मी सांगितलं. पाचव्या दिवशी ती परत आली की तिला इथेच थांबावंसं वाटावं, एवढाच माझा डाव होता.

पाचव्या दिवशी मी सकाळीच वाकळ झटकून बाजेशेजारी अंथरली. ती धुतली मात्र नव्हती, वास जायला नको म्हणून. कोंबडीचे पाय शिजवले, त्यात भात कालवला. नवरा चुलीजवळ येऊन नुसता वास घेऊन गेला. काका आणि तांबडी चालतच आले. तिने अंगणभर फेऱ्या मारल्या, बैलाचं नाक चाटलं, ताट चाटूनपुसून साफ केलं आणि थेट वाकळीवर जाऊन पसरली. मला इतका आनंद झाला की काकांच्या चहात मी साखर दोनदा घातली. उंदरांचं काय झालं, असंही हसत विचारलं.

"हायत तसेच," ते म्हणाले. "ती बघत बसते त्यांच्याकडं."

वाकळ त्यांनी पाहिली. न धुतलेली आहे हेही त्यांना कळलं असणार. कप खाली ठेवून ते उठले. हाक मारा की तिला, मी म्हटलं. आता बोलायला माझं काय जात होतं?

"न्हाई ताई. हाक मारून नेली तर तिच्या मनातलं कसं कळायचं? यायचं आसंल तर यील."

आणि ते निघाले. फाटकाबाहेर पडले, रस्त्याला लागले, मागे वळून पाहिलं नाही. तांबडीने मान वर केली. मग उठली, माझ्याजवळ आली आणि ओलं नाक माझ्या हातात खुपसलं. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात ती वळली आणि उड्या मारत फाटकाबाहेर गेली.

मला राग आला, मग रडू आलं. फाटकाला धरून बघत राहिले. काका इतके सावकाश चालत होते की तिने त्यांना सहज गाठलं. ती दमून थांबली की ते थांबायचे, ती निघाली की निघायचे. तिला ओढत नव्हते, की तिच्यासाठी थांबल्याचं दाखवतही नव्हते. मी इतके प्रश्न विचारले होते, पण चालता कसे, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मी आत गेले, वाकळ गोळा केली आणि रस्त्यावर पळत सुटले. मागून नवरा ओरडला, "रुखवत राहिलं व्हतं का?"

काकांनी वाकळ हातात घेतली, शिंप्याच्या सवयीने तिची कड बोटांत धरून पाहिली आणि म्हणाले, "उसवलीय. शिवून घेतो."

मी मान हलवली. तेवढ्यात तांबडी वाकळीच्या लोंबत्या टोकावर, भर रस्त्यात ऐसपैस बसली. मग ती उठेपर्यंत आम्हा दोघांनाही तिथेच थांबावं लागलं.