काहीही न करण्याचा पर्याय

मी नांदेडला एका लहान सल्लागार कचेरीत पर्यावरणाचे अहवाल लिहिते. आईला वाटतं मी झाडं लावते. लातूरच्या एका जुन्या कॉम्प्लेक्सचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी तिला इतकंच सांगितलं की एक जुनी इमारत बघायला चाललेय.

इमारत तीन मजली होती. खाली गाळे: मॅचिंग सेंटर, चष्म्यांचं दुकान, झेरॉक्स, स्टेशनरी. वरचे दोन मजले एकेकाळी क्लासेसनी गजबजलेले असायचे. क्लासेस मोठ्या इमारतींत गेले आणि वर कबुतरं राहायला आली. जागा एका ट्रस्टची. ट्रस्टला आता तिथे खाली दुकानं आणि वर फ्लॅट हवे होते. धूळ, पाणी, राडारोडा, आवाज, ऊन या सगळ्यांचा विचार करून कोणता मार्ग बरा, ते मी सांगायचं होतं. पर्याय तीन होते. सगळं पाडून टॉवर उभा करणे हा पहिला. सांगाडा ठेवून वर मजले चढवणे हा दुसरा. काहीही न करणे हा तिसरा. तो प्रत्येक अहवालात लिहावाच लागतो, बाकीच्यांची तुलना करता यावी म्हणून. आजवर तो कुणी मनावर घेतलेला मी पाहिला नव्हता.

गाळेधारकांच्या संघटनेचे अध्यक्ष मॅचिंग सेंटरचे मालक होते, सत्तरीकडे झुकलेले. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणू लागले. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांनी पॅसेजमध्ये खुर्च्या मांडल्या आणि मी तिन्ही पर्याय समजावून सांगितले. काकांनी नीट ऐकून घेतलं. अस्तराच्या कापडाचा तागा गुंडाळत त्यांनी विचारलं, "मॅडम, ते तिसरं काम लई चांगलं हाय. पण ते करणार कोण?"

मी म्हटलं, ते कुणालाच करायचं नसतं. काकांना हे पटलं नाही. अहवालात लिहिलंय म्हणजे ते काम आहे, आणि काम आहे म्हणजे कुणीतरी जबाबदार असायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढच्या आठवड्यात मी आवाज मोजायचं यंत्र घेऊन गेले. तोवर गाळेधारकांत चर्चा झाली होती. आवाज जास्त निघाला तर इथे माणसं राहू शकणार नाहीत आणि टॉवर रद्द होईल, असा त्यांचा हिशोब. मी यंत्र तिवईवर लावलं आणि समोरच्या गल्लीतून बँडवाले आले. लग्न नव्हतं, मिरवणूक नव्हती. पूर्ण पोशाखातली माणसं कॉम्प्लेक्सच्या दारात उभी राहून वाजवत राहिली. ट्रस्टचे सचिव, एक निवृत्त इंजिनियर, हे ऐकून धावत आले आणि सगळ्यांना शांत राहा म्हणून ओरडू लागले. यंत्राने त्यांचं ओरडणंही नोंदवलं. मी ती मोजणी बाद केली. बँडवाल्यांना काकांनी चहा पाजला, मलाही पाजला.

ट्रस्ट आणि गाळेधारकांची सभा मंगल कार्यालयात झाली. मी पडद्यावर आकृत्या दाखवल्या. पहिल्या पर्यायावर कुणी बोललं नाही. दुसऱ्यावर चष्मेवाले म्हणाले की वर मजले चढत असताना खाली डोळे तपासायचे कसे. तिसरा पर्याय पडद्यावर आला आणि टाळ्या वाजल्या. मागून एक ठेकेदार उठले आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले की या कामाचा अनुभव आमच्याकडे आहे. कुणी हसलं नाही. सचिवांनी कालावधी किती लागेल असं विचारलं. मी म्हटलं, सुरूच आहे.

खर्चाच्या रकान्यात शून्य बघून ट्रस्टने तिसरा पर्याय ठरावाने मंजूर केला. मला वाटलं विषय संपला. पण ठराव झाला म्हणजे अंमलबजावणी आली. सचिवांनी दारावर फलक लावला, 'पर्याय क्रमांक तीनचे काम प्रगतिपथावर आहे', आणि काही केलं जात नाही ना, यावर लक्ष ठेवायला एक रखवालदार नेमला. हा माणूस अर्धापूरकडचा, कामाला चोख. झेरॉक्सवाल्याचा ट्यूबलाइट गेला, तो रखवालदाराने बदलू दिला नाही. काका शिडीवर चढून पन्हळीतलं कबुतराचं घरटं बाजूला करू लागले, तर हा खाली उभा राहून म्हणाला, "काका, तुम्ही काय करून राहिले? ठराव झालाय."

काकांचा फोन मला नांदेडला आला. पावसाचं पाणी गाळ्यात शिरलं होतं आणि रखवालदार त्यांना ते काढू देत नव्हता. ते चिडलेले नव्हते, थकलेले वाटत होते. म्हणाले, "मॅडम, थोडंसं करायचा एखादा पर्याय न्हाई का तुमच्याकडं?"

त्या प्रश्नाने मला ओशाळल्यासारखं झालं. इतके आठवडे मी धूळ आणि सावली मोजत होते, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी चौथा पर्याय लिहायला बसले. छताची गळती बंद करायची. गच्चीवरचं पाणी पाइपाने बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडायचं. बाहेरच्या भिंती तशाच ठेवून वरच्या हॉलमध्ये आडभिंती घालून खोल्या करायच्या आणि शिकायला आलेल्या मुलींना राहायला द्यायच्या. राडारोडा जवळजवळ नाही, धूळ थोडी. सचिवांनी दोन दिवस वाचून विचारलं की हा तिसऱ्यात मोडतो का. मी म्हटलं, त्याच्या अगदी शेजारी आहे. तेवढ्यावर त्यांनी सही केली. रखवालदाराची नेमणूक मात्र रद्द करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. तो आता मुलींची पार्सलं वर पोचवतो.

पुढच्या वर्षी जूनमध्ये मी शेवटची पाहणी करायला गेले. वरच्या मजल्यावर नव्या चुन्याचा वास होता आणि कठड्यावर ओढण्या वाळत होत्या. जिन्यात रेणापूरकडची एक बाई मुलीची गादी डोक्यावर घेऊन दम खात उभी होती. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून तिने मला विचारलं, "ताई, इथं लेकीला ठेवायला बरं हाय का?"

तक्ते, तुलना, गुणांकन सगळं माझ्या बॅगेत होतं. मी म्हटलं, "हाव, बरं हाय. पूर्वेकडची खोली मागा, दुपारी कमी तापते." मग गादीचं एक टोक मी धरलं आणि आम्ही वर गेलो.