प्रसादाला साखर नसते

मेहुण्यांना हार्ट अटॅक येऊन दोन दिवस झाले होते. साखर तीनशेच्या वर होती आणि हृदयाला झालेली इजा सांगणारं ट्रोपोनिन अजून उतरत नव्हतं. ताजा रिपोर्ट उशाशी ठेवून बहीण डॉक्टरांची वाट पाहत होती.

तेवढ्यात नगरसेवक बुटांसकट आयसीयूत शिरले. मागोमाग शाल, पेढे आणि फोटोवाला. त्या रिपोर्टवरच पुडा ठेवून त्यांनी पेढा उचलला. "आ करा, अण्णा! प्रसादाला साखर नसते."

मेहुण्यांनी भिडेखातर तोंड उघडलंही. मला दोघांचीही शिसारी आली. आपल्या रक्तातली ही भीड कुठल्याच तपासणीत दिसत नाही.

बहिणीनं तो हात मधेच धरला. "आधी तुम्ही घ्या, साहेब."

"छे छे, ताई," ते मागे सरले. "मला शुगर आहे."