बियाला सोडलेलं तवसं

माझी आई गेली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मी विक्रोळीच्या आमच्या चाळीमागे तवसं लावलं. तवसं म्हणजे कोकणातली पावसाळी काकडी, हातभर लांब, जाड सालीची. बाजारातल्या काकडीशी कुणी तिची बरोबरी केली तर मी आजही भांडेन.

हे वाण आईला तिच्या आईकडून आलेलं. ती बिया शेणात कालवून पडवीच्या भिंतीला थापून ठेवायची. बाराव्याला गावी गेले तेव्हा भिंतीवर जेमतेम मूठभर उरल्या होत्या, आणि भावाने त्या परसात काजूची कलमं लावायचं ठरवून टाकलेलं. "आता कोण करता तवशी?" म्हणाला. इतका राग आला मला! तशीच उठले, उलथनं घेतलं, बिया खरवडल्या आणि पदरात बांधल्या. वाडीत आणखी कुणाकडे ते वाण आहे का, घरोघर विचारलं. कुणाकडेच नव्हतं.

इथे आणून सगळ्या पेरल्या. भिंतीवरच्या ओलीने बऱ्याच आधीच कुजल्या होत्या, एकच वेल धड वर आला. जागा ती केवढी, चाळ आणि डोंगराचा उतार यांच्या मधला पट्टा. शेजारणीचा दुधी आणि माझं तवसं एकाच मांडवावर.

फळ धरलं की माशी टोचायची. वरून काही कळायचं नाही, सालीवर डिंकासारखा एक थेंब तेवढा, आणि आत अळ्या. सडून पडलेलं फळ मी तिथे राहू द्यायची नाही, लांब नेऊन खोल पुरायची, कारण त्याच अळ्यांची पुढे माशी होते. गणपती येऊन गेले तरी एक फळ हाताला लागलं नाही. शेवटी एक उशिराचं फळ धरलं. त्याचं फूल सुकल्याबरोबर मी आमच्या ह्यांच्या जुन्या लेंग्याची पिशवी शिवून त्याला घातली. ते वाचलं, वाढलं. ते मी बियाला सोडलं आणि चाळीत सगळ्यांना बजावलं, हात लावाल तर याद राखा.

बियाचं फळ वेलावरच पिकावं लागतं. साल तांबूस होऊन तिला बारीक भेगा पडेपर्यंत दम धरायचा. माझं फळ पोपटी होतं तेव्हाच नवरात्र आलं, दिवसा कडक ऊन, पहाटे दव, आणि पानांवर भुरी पडली. पीठ सांडावं तशी पांढरी बुरशी. मी खालची पानं तोडून जाळली. पाणी फक्त मुळाशी घातलं. आंबट ताक पातळ करून शिंपडलं. भुरी जरा थांबली, तर शेंड्यांना मावा चिकटला.

शेजारीण बाई सरळ बोलणारी. म्हणाली, "तुझा वेल संपला गं. उपट की आता. माझ्या दुधीची वाट लागली ना."

खरंच बोलत होती ती. हंगाम सरल्यावर रोगट वेल कुणी ठेवत नाही.

"ह्या एका फळापुरती थांब," मी म्हटलं.

"एका काकडीसाठी? चल, मी आणून देते बाजारातून."

"बाजारात माझ्या आईचं मिळतं का?"

संध्याकाळी तिने दुधीची भुरी आलेली पानं तोडून मलाच आणून दिली, माझ्या पानांबरोबर जाळायला.

गिरणी बंद पडल्यावर आमचे हे साकीनाक्याला एका ओतकामाच्या कारखान्यात लागले होते. मुळात कमी बोलणारा माणूस. आई गेल्यापासून मी सारखी करवादायची, आणि हे ऐकून घ्यायचे. आई माव्यावर चुलीतली राख टाकायची, पहाटेच्या दवात, म्हणजे ती पानाला धरते. हे पुराण मी त्यांना कितीदा ऐकवलं असेल. पण आमच्याकडे स्टो. चूल कुठली आणि राख कुठली!

एक दिवस ह्यांनी कामावरून येताना भट्टीतली राख आणली, पिशवीभर, मला पत्ता लागू न देता. पहाटे उठून फडक्यातून चाळली आणि पानापानावर टाकली. मग मला उठवून मागे नेलं. "तुझी आवस करी तसाच केलंय," म्हणाले. चेहरा असा खुललेला की बघत राहावं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चुलीत लाकूड जळतं. त्या भट्टीत काय काय जळत होतं देव जाणे, तेलाचे बोळे, रबर, रंगाचे डबे. दुपारपर्यंत पानं कडेने करपायला लागली. मी धावत बादली आणून वेल धुतला, तर ते सगळं मुळाशी उतरलं. चार-पाच दिवसांत वेल देठापर्यंत सुकला. आई गेली तेव्हा मी रडले नव्हते इतकी त्या मांडवाखाली बसून रडले. आई गेली हे मला तेव्हा कळलं. ह्यांना मी एका शब्दाने बोलले नाही, आणि मग बोलणंच बंद झालं.

फळ घरात टांगून ठेवलं. म्हटलं, आतल्या आत पिकेल. ते जरासं पिवळं झालं आणि मऊ पडायला लागलं, तेव्हा दिवाळीच्या तोंडावर मी ते चिरलं. बिया काढून परातीतल्या पाण्यात टाकल्या. भरलेली बी तळाला जाते, पोकळ असली तर तरंगते. सगळ्या तरंगल्या. मी हाताने ढवळलं, वाट पाहिली, परत ढवळलं.

हे येऊन समोर बसले. एक बी बोटाने दाबून परातीच्या तळाला नेली, जरा वेळ तशीच धरली. बोट उचललं तशी ती वर आली. मग दुसरी दाबली.

"ही एक जड लागता," म्हणाले.

तीही वर आली.

"ऱ्हवांदे," मी म्हटलं. वेल सुकल्यापासून मी त्यांच्याशी बोलले नव्हते. त्यांनी मान हलवली आणि पुढची बी दाबली.