गोल मारणाऱ्याचा मान

हॉकीत गोल मारणाऱ्याच्या काठीला बाकीच्यांनी आपापली काठी लावायची असते, असं मी एक अख्खा मोसम समजत होतो.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. चिखलीच्या शाळेच्या संघात आमच्या वस्तीतला मी एकटा. आम्ही बौद्ध झालो होतो; गावासाठी मात्र होतो तेच. मी गोल मारला की कप्तान सुधाकर, उंद्रीच्या पाटलाचा पोरगा, काठी पुढे धरायचा. टक्. मग दुसऱ्याची. टक्. एकमेकांच्या ते गळ्यात पडायचे. दिसत होतं मला. पण गोल बहुतेक माझेच. तेव्हा हा गोल मारणाऱ्याचा मान असावा, असं मी ठरवून टाकलं. वस्तीतल्या पोरांनाही शिकवलं. बाभळीच्या काठ्या घेऊन आम्ही संध्याकाळभर टक् टक् करायचो.

बुलढाण्याला शेवटची मॅच. त्या दिवशी पहिला गोल सुधाकरने मारला. सगळे त्याच्या अंगावर पडले. मी काठी पुढे धरून धावलो. म्हटलं, आज याचा मान. गर्दीत माझा खांदा त्याच्या खांद्याला लागला.

"लांबून बे," सुधाकर म्हणाला. "घरी जाऊन आंघोळ कराले लावतो काय मले?"

पोरं हसली. सर शिटीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

तेव्हा कळलं. मोसमभराच्या सगळ्या टक् टक् एकदम कानात वाजल्या. अजून वाजतात. नात लाकडी ठोकळे खेळायला बसली की मी उठून बाहेर जातो.

मग समोरच्या संघाने दोन गोल चढवले. आमचा पुढचा गोल मी मारला. बरोबरी झाली. काठ्या पुढे आल्या. मी माझी खाली टाकली, हात पुढे केला.

"हात दे."

"काठी उचल," सुधाकर म्हणाला.

"हात दे."

कुणी दिला नाही. मी मैदानाबाहेर निघालो. सर मागून ओरडत होते, अजून वेळ आहे, जिंकता येतं. मी वळलो नाही. ज्याला माझा गोल पाहिजे त्याने माझा हात धरावा, नाहीतर माझ्याशिवाय हरावं. तिथेच ठरवलं. पुढे नोकरीतही कुणाला यातून सूट दिली नाही.

बाबा प्रत्येक मॅचला यायचे, तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहायचे. त्यांना जाऊन सगळं सांगितलं.

"मले पयल्याच मॅचले दिसलं होतं," ते म्हणाले. "तुलेच गोल मोजाची हौस होती, गधड्या."