कोरडा कोळसा

त्या साहेबांचा विषय निघाला की माझं डोकं आजही फिरतं. करंजाड्याला इमारती वर चढत होत्या तेव्हाची गोष्ट. आमच्या गावात भाताची थोडीच शेतं उरली होती, त्यातलं एक माझ्या सासूबाईंचं. खारघरहून कुठल्याशा संस्थेचे साहेब आले, देवळाच्या मंडपात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "राब भाजणं बंद करा. बायोचार, म्हणजे काटक्यांचा कोळसा, घाला, मग भात बघत राहाल!"

राब म्हणजे रोपं तयार करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा पसरून उन्हाळ्यात जाळायचा. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जन्मभर तेच केलेलं. पण मी पडले शिकलेली सून, पनवेलच्या शाळेत शिकवणारी! धूर नको, माती भाजायला नको, मला लगेच पटलं. झाकणाच्या ड्रममध्ये काटक्या कोंडून आम्ही कोळसा केला, कुटला.

आई म्हणाल्या, "आगो, ह्यो शेनाच्या पान्यात मुरवूया थोडं दिस. कोरडा कोलसा रोपाला काय देनार?"

"साहेबांनी तसं काही सांगितलेलं नाही, आई," असं म्हणून मी तो तसाच मातीत कालवला.

रोपं पिवळी पडली. सगळी! वर्षभराच्या भाताचं आवण, म्हणजे लावणीची रोपं, बोटभर उंचीवर अडून बसलं. मी तणतणत साहेबांचं ऑफिस गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "मुरवला नाहीत? ताजा कोळसा मातीतलं खत आधी स्वतःच शोषून घेतो. एवढं तर शेतकऱ्याला कळतंच की."

अहो, कळत होतंच! आईंना गप्प बसवण्याइतकं शहाणं मला तुम्हीच केलंत ना? हे सगळं मी तोंडावर बोलले. साहेब फोन कानाला लावून बाहेर निघून गेले. जनाची नाही तर मनाची तरी!

आमच्याकडे उरलेलं आवण कुणी विकत नाही, मागेल त्याला देतात. आई दरवर्षी देणाऱ्यांतल्या. त्या वर्षी मात्र त्या आपल्या चुलत जावेच्या बांधावर मागायला गेल्या. मी मागोमाग. आईंच्या जाऊबाई माझ्याकडे बघून फिसकन हसल्या. "काय गो, सुनेचा शानपना नडला नं?"

माझा राग साहेबांवरचा, पण मी त्यांच्यावरच तोंड सोडणार होते. तेवढ्यात आई म्हणाल्या, "नाय गो. ती सांगत व्हती, मुरव म्हनून. मीच आयकला नाय."